एका वावरातले चार विषय : प्रस्तावना

अमेरिकेतले यादवी युद्ध, मिसिसिपीच्या काठचे ब्लूज आणि वऱ्हाडातली खंजिरी, टिपेश्वरहून निघून थेट बुलढाणा जिल्ह्यात पोचलेला वाघ, आणि त्याचा ठावठिकाणा सांगणारे उपग्रह. या पुस्तकाची अनुक्रमणिका चाळणारा पालक विचारेल, की हे सगळे एका पुठ्ठ्यात कशासाठी बांधले? प्रश्न रास्त आहे. शाळेच्या वेळापत्रकात हे विषय एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. इतिहासाचा तास संपला की ती वही मिटायची आणि विज्ञानाची उघडायची. वन्यजीव म्हणजे प्रकल्पवहीत चिकटवायची चित्रे. आणि संगीत बहुतेक शाळांत स्नेहसंमेलनाच्या आधीच्या पंधरवड्यापुरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या या पाठांमागे एक ठाम म्हणणे आहे आणि ते मला मनापासून पटते. हे चारही विषय दारव्ह्याच्या कापसाच्या वावरात एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि मुलाला दूरचे जग दाखवायचे असेल तर त्याच्यासह आधी त्या वावरात उतरायला हवे.

आधी झाडच पाहा. आज आपल्या शिवारात उभी असलेली बहुतेक पऱ्हाटी मुळात अमेरिका खंडातली. पणजोबांच्या काळच्या देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असत. या अमेरिकन जातीच्या पेशीत ५२ आहेत. मेक्सिकोच्या परिसरातल्या लोकांनी ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणली. पण तिची गोष्ट त्याहून जुनी आहे. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियाकडच्या कापसाचा एक पूर्वज आणि अमेरिकेतला एक रानकापूस यांचा आपोआप संकर झाला आणि त्यातून ५२ गुणसूत्रांचे हे कूळ निघाले. म्हणजे परदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या झाडाचा निम्मा वारसा आपल्या देशी कापसाच्याच नात्यातला आहे. २००२ साली आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा याच झाडात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक घातलेला होता आणि ते तंत्र अमेरिकन कंपनीचे होते. नववीतल्या मुलीला गुणसूत्र शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठे शोधायचे?

आता इतिहास. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये एकमेकांशी लढू लागली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्याच महिन्यात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तोवर याच दक्षिणेतून, गुलामांच्या हातांनी वेचलेला, येत असे. तो आटला. लँकेशायरमध्ये चाती थांबली, लाखो कामगार रस्त्यावर आले, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या नजरा मुंबईकडे, मुंबईमार्गे वऱ्हाडाकडे वळल्या. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला होता, त्यामुळे दार उघडेच होते. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसाला लिव्हरपुलात 'उमरा' म्हणत. भाव चढले, मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या भोवती शेअरांची धुंदी पसरली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्याच्या पेढ्या बुडाल्या.

मुंबईचा पैसा बुडाला हे बहुतेक पुस्तके सांगतात. वऱ्हाडात मात्र जे सुरू झाले होते ते थांबले नाही. आगगाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली, कापसासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा वेगळा आयुक्त नेमला गेला, आणि ज्वारीची जमीन वर्षागणिक कापसाखाली जात राहिली. शेतकऱ्याच्या घरातली कणगी रिती आणि हाती रोकड, तीही भाव असेल तेव्हा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडाने त्याचे भोग भोगले. भाव कुठल्या तरी दूरच्या शहरात ठरतो आणि घर आपले चालते किंवा बसते, ही गोष्ट दारव्ह्याच्या बाजार समितीत बापासोबत बंडीवर बसून गेलेल्या पोराला समजावून सांगावी लागत नाही. तिची सुरुवात कधी आणि कशी झाली, तेवढे त्याला सांगायचे राहिलेले असते.

या विभागातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला पाठ एका यंत्राचा आहे. १७९३ साली एली व्हिटनी या अमेरिकन माणसाने कापसापासून सरकी वेगळी करणारे यंत्र बनवले. आपल्याकडे दोन लाटांमधून रुई ओढून घेणारी चरकी पूर्वापार होती. पण अमेरिकेच्या दक्षिणेत पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तंतूंना घट्ट चिकटून असे, तिथे ती चालेना. व्हिटनीने दातेरी कड्यांनी तंतू ओरबाडून काढले. काम कैक पटींनी झपाट्याने होऊ लागले. मुलांना विचारा, यंत्राने श्रम वाचले, मग गुलामगिरी कमी झाली असेल ना? उत्तर उलटे आहे. सरकी काढणे स्वस्त झाल्यामुळे कापूस पिकवणे फायद्याचे झाले, नवनवी जमीन लागवडीखाली आली आणि ती कसायला आणखी गुलाम हवे झाले. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते चाळीस लाखांच्या घरात गेले. यंत्राचा गुण-दोष त्याच्या दात्यांत शोधून सापडत नाही, ते यंत्र कुणाच्या मालकीच्या जगात आले हे पाहावे लागते. तंत्रज्ञानाच्या कुठल्याही पाठाआधी हा इतिहासाचा पाठ व्हावा असे मला वाटते.

हाच विषय एका शिक्षकाने हाताने करून शिकवला होता. शिकागोत १८९६ साली जॉन ड्यूई यांनी एक प्रयोगशाळा-शाळा काढली. तिथल्या मुलांना त्यांनी लोकर आणि बोंडातला कापूस हाती दिला आणि धागा काढायला सांगितले. एका गटाने अर्धा तास सरकी सोडवली, तेव्हा निघालेली रुई एक औंसही, म्हणजे २८ ग्रॅमही, भरली नाही. लोकरीच्या कापडाने आधी जम का बसवला आणि कापसाला यंत्राची वाट का पाहावी लागली, हे त्या मुलांना मग कुणी सांगावे लागले नाही. ड्यूई पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तिथे दाखल झालेले भीमराव आंबेडकर त्यांचे विद्यार्थी झाले आणि त्यांच्या विचारांचा ठसा बाबासाहेबांनी आयुष्यभर बाळगला.

मराठी माणसाचे अमेरिकेच्या इतिहासाशी नाते त्याआधीही जडलेले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसलेल्या एका माणसाने सातासमुद्रापलीकडच्या घटनेत आपल्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची खूण पाहिली. त्याच्या दहा वर्षे आधीची मँचेस्टरची हकीकतही याच पाठात आली आहे, ती फार चांगली झाली. कापूस बंद झाल्याने उपाशी राहिलेल्या तिथल्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा भरवून लिंकन यांना पत्र धाडले आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. नाकेबंदी उठली असती तर त्यांची चूल पेटली असती, तरीही. लिंकन यांनी १८६३ च्या जानेवारीत त्यांना उत्तर पाठवले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे दुवे पाठात थोडक्यात येतात. मुलांनी ते पुढे स्वतः शोधावेत.

एका विषयातून दुसऱ्यात जाण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. दारव्ह्याहून सेवाग्राम दूर नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला आणि नई तालीम उभी राहिली. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, इतिहास शिकायचा, याला समवाय म्हणत. पुढे ती पद्धत सरकारी शाळांत आली आणि टकळीचा तास तेवढा राहिला, त्याला जोडलेले विषय सुटले. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही; पोर्शन पुरा करायचा, परीक्षा घ्यायची, वर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे. म्हणून या पुस्तकातले पाठ वेगळे तास मागत नाहीत. इतिहासाच्या गुरुजींनी आपला पाठ घ्यावा, विज्ञानाच्या बाईंनी आपला, फक्त दोघांनी एकमेकांचे पाठ वाचलेले असावेत.

आगगाडीचा पाठ मी दोनदा वाचला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची वाट, जिला सगळा मुलूख शकुंतला म्हणतो, दारव्हा मोतीबागवरून जाते. रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ती घातली ती कापसासाठी. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या लाइनवर चढत आणि मुंबईच्या बंदरातून इंग्लंडला जात. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून इथे धावले, १९९४ च्या एप्रिलमध्ये ते काढून डिझेलचे लावले. कापूस ज्या शहरात जायचा त्याच शहरातून तो ओढणारे इंजिन आले होते. आता दारव्ह्यावरून वर्धा–यवतमाळ–नांदेड ही रुंद लाइन होते आहे आणि तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला.

पण आगगाडीच्या आधी माल कोण वाहत होते? बंजारा तांडे. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून ते गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. रुळांनी तो धंदा संपवला. दारव्हा, दिग्रस, पुसदच्या पट्ट्यात जे तांडे आज शेती आणि मजुरी करतात, त्यांच्या वाटा त्या काळात तुटल्या. होळीला तांड्यावर नगाऱ्याच्या ठेक्यावर लेंगी घुमते, तिच्यात चालत राहणाऱ्या माणसांची पावले अजून ऐकू येतात असे मला वाटत आले आहे. वर्गात बंजारा मुले असतीलच. या पाठाच्या वेळी त्यांनी शिकवावे आणि गुरुजींनी ऐकावे.

इथून पुस्तक संगीताकडे वळते. मिसिसिपी राज्यातल्या 'डेल्टा' म्हणवणाऱ्या सखल पट्ट्यात कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांत ब्लूज जन्मले. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही कामाच्या गाण्याची चाल त्यात आहे. आपल्या दिंडीत, पोळ्याच्या झडत्यांत, लेंगीत ती आपल्याला ओळखीची वाटते. मात्र शिक्षकांनी इथे सांभाळावे. साम्य दिसले म्हणजे उगम एक, असे होत नाही. दमलेल्या माणसांना एका लयीत ठेवायचे तर जगात कुठेही असेच गाणे सुचेल. आणि दुसरे त्याहून महत्त्वाचे. आपली वेचणारी बाई कमी मजुरीत राबते, उन्हात राबते, पण संध्याकाळी ती स्वतःच्या लेकरांकडे जाते. गुलाम बाईचे लेकरू मालक विकू शकत होता. हा फरक पुसला तर दोघींवरही अन्याय होईल. टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठाच्या मुलामुलींनी, ज्यांतली अनेक गुलामीत जन्मली होती, १८७१ मध्ये आपली भक्तिगीते घेऊन दौरे सुरू केले. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा एक संच हिंदुस्थानातही गाऊन गेला. त्यांच्या भक्तिगीतांत सुटकेची आस होती. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर १९४२ मध्ये इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकण्याइतके काय चढले होते, हे समजायला ती मदत करतात.

शकुंतलेचे दुसरे टोक मूर्तिजापूर, आणि तिथे १९२० साली वसंतराव देशपांडे जन्मले. मारवा रागाचे त्यांचे वेड आणि 'कट्यार काळजात घुसली' मधले त्यांचे खाँसाहेब महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ते या लाइनीवरच्या गावचे, हे इथल्या मुलांना ठाऊक असावे. नादाच्या शास्त्राचा पाठ तबल्यापासून सुरू केला आहे. साध्या कातड्यावर थाप मारली की निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून खंजिरीला पक्का सूर धरता येत नाही. तबल्याच्या मधोमध शाईचा थर चढवला की ते जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे जगासमोर मांडले. आपल्या कारागिरांना ते कानाने शतकानुशतके कळत होते. शाळेतला तबला आणि भजनी मंडळाची खंजिरी एका टेबलावर ठेवा, ध्वनीचा धडा तिथेच सुरू होतो.

वन्यजीवांच्या विभागाची सुरुवात रोही आणि रानडुकरांपासून केली, हे योग्यच. रात्री वावरात जागलीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला वाघाचे प्रेम शिकवण्याआधी त्याच्या तुरीचे काय होते ते ऐकून घ्यायला हवे. मग टिपेश्वरचा वाघ येतो. आपल्याच जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य; वाघांची संख्या वाढली की तरण्या नरांना ते पुरत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत इथल्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. पुढे तो निघाला. यवतमाळ, तेलंगणातले आदिलाबाद, हिंगोली, वाशिम, अकोला अशी वाट काढत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वर्षभरात त्याची चाल ३००० किलोमीटरच्या आसपास भरली आणि लोकांनी त्याला वॉकर म्हटले. यातली बहुतेक वाट शेतांमधून, कापूस आणि तुरीच्या आडोशाने, रात्रीची. हजारो माणसांच्या उशाजवळून तो गेला आणि बहुतेकांना कळलेही नाही.

तो कुठे आहे हे कळत होते ते गळ्यातल्या पट्ट्यामुळे, आणि त्या पट्ट्यात या पुस्तकाचे सगळे विषय एकत्र येतात. जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची यंत्रणा. पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला, पूर्ण जाळे १९९५ मध्ये कामाला लागले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळेचा संकेत पाठवतात. तो पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा नक्की होते. तिथली घड्याळे आपल्यापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, असे आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो. तेवढे दुरुस्त केले नाही तर दिवसभरात जागेची चूक दहा किलोमीटरवर जाईल, म्हणजे वाघ दारव्ह्यात आणि नकाशावर भलत्याच गावात. सामान्यांना मिळणारा संकेत अमेरिका मुद्दाम धूसर ठेवत असे. मे २००० मध्ये ते बंद केले. त्या एका निर्णयाशिवाय टिपेश्वरच्या वाघाचा माग इतका अचूक निघाला नसता.

या विभागात अवनी वाघिणीचा पाठही आहे, आणि तो गाळला नाही याबद्दल मी पुस्तक करणाऱ्यांचा ऋणी आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घातली. देशभर संताप उसळला. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांचे दुःख त्या संतापात कुणाला फारसे दिसले नाही. मुलांनी दोन्ही बाजू वाचून वर्गात वाद घालावा, गुरुजींनी निकाल देऊ नये.

आणि एक पाठ असा, की तो वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झाले. शेतात फवारलेले विष किड्यांतून पक्ष्यांत आणि पाण्यातून माणसांत कसे जाते, हे त्यांनी दाखवले. रसायन कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. दोन वर्षांत त्या कर्करोगाने गेल्या. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, २०१७ च्या पावसाळ्यात, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, अंगावर साधा सदरा. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नव्हती. दर पिढीत विषाला पुरून उरलेल्या अळ्याच पुढची वीण घालतात, हा उत्क्रांतीचा धडा इतक्या क्रूर रीतीने क्वचितच कुठे शिकवला गेला असेल. फवारणीच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो, हे या पाठात चित्रासह दिले आहे. हे एक पान मुलांनी घरी नेऊन मोठ्याने वाचून दाखवावे.

एक सूचना मी केली आणि ती मान्य झाली, म्हणून सांगतो. सगळेच पाठ दारव्ह्याशी जोडलेले नसावेत. इथला धागा धरून मुलगा बाहेर पडला की त्याला दूरच्या गोष्टींसाठीच दूरच्या गोष्टी भेटू द्याव्यात. यलोस्टोनमध्ये १९९५ साली पुन्हा सोडलेले लांडगे, चंद्रावर उतरलेले अपोलो ११, लुई आर्मस्ट्राँगचा कर्णा यांच्यात कापूस शोधत बसण्याचे कारण नाही. शेवटची पाने म्हणूनच मोकळी, निव्वळ कुतूहलाची आहेत.

शिकवण्याचा क्रम पुस्तकाच्या क्रमाने ठेवू नये, शेतीच्या क्रमाने ठेवावा. पोळ्याच्या आठवड्यात संगीताचा विभाग घ्यावा, तेव्हा गावात झडत्या म्हणणारी माणसे भेटतात. म्हणणाऱ्याचे नाव, गाव विचारून मुलांनी त्या उतरवून घ्याव्यात आणि चाल मोबाइलवर मुद्रित करावी. फवारणीचा पाठ त्याच्याही आधी, जुलैत. दसऱ्यानंतर पहिला वेचा झाला की व्हिटनी आणि ड्यूई : प्रत्येक मुलाने मूठभर कापूस आणावा, अर्धा तास सरकी काढावी, निघालेली रुई किराणा दुकानातल्या काट्यावर तोलावी आणि आकडा फळ्यावर लिहावा. वाघ आणि उपग्रह हिवाळ्यात, नदीकाठच्या ओल्या वाळूत पावलांचे ठसे स्पष्ट उमटतात तेव्हा. वार्षिक परीक्षेच्या आधी काही पाठ राहिले तर राहू द्यावेत, पण कापूस तोलण्याचा दिवस चुकवू नये.